सीएनसी शॉपसाठी कोरी माणसं कशी पारखावीत

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवरचा फळा वाचा. ‘सीएनसी/व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे, अनुभव २ ते ३ वर्षे.’ शेजारच्या शॉपच्या फळ्यावरही तेच. (सीएनसी, व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशिनं.) मग तीच माणसं हजार-दीड हजाराच्या फरकासाठी या गेटमधून त्या गेटमध्ये फिरत राहतात आणि प्रत्येक मालक म्हणतो, माणसं मिळत नाहीत. त्या अनुभवातला मोठा भाग असा असतो: जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे मशिनच्या पकडीत, धरायचा, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा, साइज हलली की सेटरला (मशिन जुळवून देणाऱ्याला) हाक मारायची. बरा हात असलेला कोरा माणूस हे तीन आठवड्यांत शिकतो. जे तीन आठवड्यांत येत नाही, काहींना तीन वर्षांतही येत नाही, ते अनुभवाच्या दाखल्यावर कुठंच लिहिलेलं नसतं.

दहा ते चाळीस माणसांचं मशिन शॉप चालवणाऱ्या आणि पहिल्यांदाच बिनअनुभवी मुलं-मुली घ्यायचं ठरवलेल्या मालक-सुपरवायझरांसाठी ही पद्धत आहे. खर्च किरकोळ आहे. वेळ मात्र द्यावा लागतो.

आधी एक गोष्ट आकड्यांत. निवडीच्या वेळचे गुण आणि नंतरचं काम यांचा मेळ किती बसतो, हे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचे अभ्यास एकत्र करून मांडलं. पूर्ण मेळ म्हणजे १, अजिबात नाही म्हणजे ०. प्रत्यक्ष काम करायला लावणारी चाचणी ०.५४ वर होती, ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.५१ वर, आणि नोकरीत काढलेली वर्षं ०.१८ वर. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशोबाची पद्धत सुधारून तेच आकडे पुन्हा काढले. कामाची चाचणी ०.३३ वर आणि मुलाखत ०.४२ वर आली, वर्षांचा आकडा तर ०.१ च्याही खाली गेला. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. वर्षं मोजून फारसं काही कळत नाही. आणि उत्तमातली उत्तम चाचणीही १ च्या जवळ जात नाही, त्यामुळे पहिल्या ९० दिवसांकडे निवडीइतकंच लक्ष द्यावं लागतं.

पायरी १: कामाचे दोन भाग करा

एक कागद घ्या आणि सेटरला सोबत बसवा. ऑपरेटरच्या दिवसातली प्रत्येक गोष्ट लिहा आणि प्रत्येकीपुढे ती शिकवायला किती दिवस लागतात ते लिहा. व्हर्निअर (सरकत्या पट्टीचं मोजायचं साधन) वाचणं, इन्सर्ट (हत्याराचं बदलतं पातं) बदलणं, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) भरणं, फर्स्ट पीस रिपोर्ट (पहिल्या जॉबच्या मापांची नोंद) लिहिणं, कूलंटचं प्रमाण तपासणं या सगळ्या गोष्टी दोन दिवसांपासून दोन महिन्यांत शिकवता येतात. यातलं काहीही निवडीच्या वेळी तपासू नका.

मग खाली उरतं ते असं: हाताला फरक कळणं, कागदावरचं चित्र डोक्यात उभं राहणं, चारशेवा पीससुद्धा पहिल्यासारखा बघणं, मशिनचा आवाज बदलला की मान वळणं, आणि चूक झाली की ती लपवायच्या आधी सांगणं. हे शिकवून थोडंफार सुधारतं, पण मुळात नसेल तर आणता येत नाही. चाचणी फक्त याची घ्यायची. यादी पाच गोष्टींच्या वर जाऊ देऊ नका. ‘हुशार, मेहनती, चुणचुणीत’ असले शब्द यादीत आले तर खोडा, कारण त्यांची चाचणी बांधता येत नाही.

पायरी २: फळ्यावर काय लिहायचं

‘अनुभवाची गरज नाही’ एवढंच लिहिलं तर हेल्परच्या कामाला माणसं येतात. म्हणून काम, पगार आणि पुढची वाट स्पष्ट लिहा. नमुना: ‘सीएनसी टर्निंगसाठी शिकाऊ मुलं-मुली. दहावी पास पुरे. दीड तासाची हातकामाची परीक्षा होईल, परीक्षेत लागेल ते तिथंच शिकवलं जाईल. सुरुवातीचा पगार अमुक, तीन महिन्यांची परीक्षा पास झाल्यावर तमुक. शिफ्ट अशी, बस या स्टॉपवरून.’ पगाराचा आकडा लपवला की चांगली मुलं फोनच करत नाहीत.

फळा गेटपुरता ठेवू नका. आयटीआयच्या सूचनाफलकावर लावा, पण फिटर-टर्नरच्या बाहेरही बघा. दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमधले मदतनीस, शिवणकाम करणाऱ्या बायका, घड्याळ आणि मोबाइल दुरुस्त करणारे, सराफाच्या कामठ्यावर बसलेले, पेणकडे गणपतीची आखणी करणारे, या लोकांचे हात आणि डोळे रोज बारीक कामावर तयार होत असतात. डोळ्यांची आखणी एका श्वासात करणाऱ्या माणसाला बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) धरायला शिकवणं सोपं आहे.

कामगारांच्या ओळखीतून आलेल्यांना घ्यायला हरकत नाही, पण परीक्षा सर्वांना एकच. उत्तरपत्रिकेवर नाव नको, नंबर टाका. आडनाव आणि गाव दिसलं की तपासणाऱ्याचा हात नकळत सैल किंवा घट्ट होतो.

पायरी ३: दीड तासाची परीक्षा

साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा (भोसरी-चाकण पट्ट्यात बहुधा गुरुवार), मशिनं बंद असतात आणि गोंगाट नसतो. एका वेळी चार उमेदवार आणि दोन तपासनीस. याहून जास्त माणसं बसवली तर हात बघता येत नाहीत, आणि इथं कागदापेक्षा हात बघायचे आहेत.

यातली मुख्य चाचणी शिकण्याची. ब्रिटनमध्ये सिल्व्हिया डाउन्स यांनी शिलाई मशिन, फोर्कलिफ्ट अशा कामांसाठी ही पद्धत रुजवली: उमेदवाराला नवी गोष्ट तिथंच शिकवायची, लगेच करायला लावायची आणि तो किती पटकन सुधारतो ते मोजायचं. मशिन शॉपमध्ये यासाठी साधा, घड्याळ नसलेला व्हर्निअर सर्वांत उत्तम. डिजिटल वापरू नका, त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

ईएन ८ च्या (साध्या पोलादाच्या) बारमधून २० पिना वळून घ्या, व्यास १८ ते ३२ मिमीच्या दरम्यान, एकही गोल आकडा नको. दहा-दहाचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संच करा, टोकावर अक्षर पंच करा आणि प्रत्येकीचं खरं माप मायक्रोमीटरनं घेऊन वहीत लिहा. मग उमेदवारांना दहा मिनिटं शिकवा: मुख्य पट्टीवर, सरकत्या पट्टीच्या शून्याच्या डावीकडची रेघ वाचायची, सरकत्या पट्टीवर कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं, तिचा क्रमांक ०.०२ नं गुणायचा, दोन्हींची बेरीज. मुख्य पट्टीवर २४ आणि अठरावी रेघ जुळली, तर २४ अधिक ०.३६, म्हणजे २४.३६ मिमी. एकदा करून दाखवा, एकदा करून घ्या, थांबा.

संच ‘अ’ मोजायला द्या. वेळ १२ मिनिटं. खऱ्या मापापासून ०.०४ मिमीच्या आत आलेलं वाचन बरोबर धरा. मग प्रत्येकाला त्याच्या दोन चुका दाखवा, दोनच, आणि संच ‘ब’ द्या. ‘अ’ मध्ये ४ आणि ‘ब’ मध्ये ९ बरोबर आलेला उमेदवार दोन्हीकडे ७ मिळवणाऱ्यापेक्षा वर ठेवायचा. नवख्या मालकांचा हात इथं अडतो, कारण बेरीज केली तर सात-सातवाल्याचा एक गुण जास्त होतो. पण शॉपवर रोज नवा जॉब, नवं ड्रॉइंग येतं आणि तिथं लागतो तो चारावरून नवावर जाणारा माणूस.

वाचनांशिवाय हे बघा. पीस मोजण्यापूर्वी तो पुसतो का? जबडे पिनेला काटकोनात धरतो की तिरके? दाबून धरतो का? (दाबलं की माप कमी येतं.) शंका आली की परत मोजतो का? आणि कागदावर २४.३७ असं काही लिहिलंय का? ०.०२ च्या व्हर्निअरवर शेवटचा आकडा विषम येऊच शकत नाही. विषम आकडे दिसले तर समजा, तो अंदाजानं लिहितोय किंवा शिकवलेलं न कळताही विचारत नाहीये.

आयटीआय करून आलेल्याला व्हर्निअर आधीच येतो, मग शिकण्याचा वेग कळणार कसा? त्याला बोअर गेज द्या. भोकात गेज हलकेच पुढं-मागं डोलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो ते वाचन घ्यायचं, एवढं शिकवा. तत्त्व तेच: त्याला न येणारी गोष्ट शोधून ती शिकवायची.

दुसरी चाचणी पाच मिनिटांची. सरफेस फिनिशच्या तुलनापट्ट्या बाजारात मिळतात. आरए (खरखरीतपणाचं माप) ०.८, १.६, ३.२ आणि ६.३ चे तुकडे कापडाखाली ठेवा आणि फक्त नखानं, रेघांना आडवं ओढून, गुळगुळीत ते खरखरीत असे लावायला सांगा. दोनदा करा. दोन्ही वेळा बरोबर लावणारे बरेच निघतात, पण जो दोन्ही वेळा चुकतो त्याला फिनिशिंगच्या मशिनवर ठेवू नका.

तिसरीसाठी कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या आणि बोथट चाकू लागतो. एक खाच आणि एक तिरका कोपरा असलेल्या ठोकळ्याचं ड्रॉइंग द्या, समोरून आणि वरून असे दोनच व्ह्यू. कुठला व्ह्यू कुठून बघितलेला आहे ते पाच मिनिटं समजावा, मग १५ मिनिटांत साबणात तो आकार कापायला सांगा. सफाईला गुण नाहीत, आकाराला आहेत. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे आरशातलं उलटं रूप. ते कापून झाल्यावर वडी ड्रॉइंगशेजारी धरून, फिरवून, ‘हे उलटं झालं’ असं स्वतःहून म्हणणाऱ्याला पूर्ण गुण द्या. आकार डोक्यात उभा राहतोय, हात एकदाच चुकला.

चौथी चाचणी कंटाळ्याची आहे आणि ती मुद्दाम शेवटी ठेवायची. ८० तयार पीस, वीस-वीसच्या चार ट्रे, वेळ २० मिनिटं. तीन दोष आधी दाखवा: बर (कडेला उरलेला धातूचा धारदार कंगोरा) राहिलेली, चॅम्फर (तिरकी कापलेली कड) नसलेला, डेंट पडलेला. पाच पीस तसे मिसळा, त्यातले दोन शेवटच्या ट्रेमध्ये. शिवाय सहावा पीस असा ठेवा ज्याचं भोक मध्यापासून सरकलेलं आहे, आणि त्याबद्दल काहीच सांगू नका. सुटलेले दोष मोजा आणि चांगले असून बाजूला काढलेले पीसही मोजा, कारण सगळंच रिजेक्ट करणारा माणूसही शॉपला महागात पडतो. शेवटच्या ट्रेमधले दोन्ही दोष सुटले तर लक्ष कुठं संपतं ते कळलं. आणि जो सरकलेल्या भोकाचा पीस हातात घेऊन येतो आणि ‘सर, हे तुम्ही सांगितलं नव्हतं, पण हे वेगळं दिसतंय’ म्हणतो, त्याच्या नंबरपुढे मोठी खूण करा. इतर चाचण्यांत तो मधला असला तरी.

प्रत्येक चाचणी संपली की, निकाल सांगण्याआधी, एक प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या: ‘तुमचे किती बरोबर असतील?’ तीन बरोबर असताना नऊ सांगणारा आणि तीन बरोबर असताना ‘चार-पाच असतील’ म्हणणारा, यांत दुसरा घ्यावा. स्वतःच्या कामाचा खरा अंदाज असलेला माणूस मशिन थांबवून विचारतो. नसलेला माणूस साइज गेलेले चाळीस पीस बिनमध्ये टाकून शिफ्ट संपवतो, आणि ते कळतं गिऱ्हाइकाकडून परत आल्यावर.

पायरी ४: मुलाखत

वीस मिनिटं, चार प्रश्न, सर्वांना तेच आणि त्याच क्रमानं. दोन तपासनिसांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे. आधी बोलले की मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं मत दोघांचं होतं.

प्रश्न केलेल्या कामाबद्दल विचारा. ‘मेहनत करशील ना?’ याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी: ‘घरात किंवा गावात कुठली वस्तू उघडून दुरुस्त केलीय? आधी काय काढलं, मग काय?’ पंपाचं फूटव्हॉल्व्ह, शिलाई मशिनचा शटल, सायकलचा फ्रीव्हील, काहीही चालेल. खरोखर केलेला माणूस क्रम सांगतो, अडलं कुठं ते सांगतो, काय उरलं तेही सांगतो. ऐकून आलेला ‘सगळं खोललं आणि बसवलं’ एवढ्यावर थांबतो. दुसरा प्रश्न चुकीबद्दल: ‘तुमच्या हातून काय बिघडलं होतं आणि कुणाला, कधी सांगितलंत?’ तिसरा, एकच काम तासन् तास करावं लागलं तेव्हाचा. चौथा साधा: रात्रपाळी, प्रवास, घरची अडचण. चौथ्याला गुण नसतात, पण तो टाळला की माणूस दुसऱ्या आठवड्यात येणं बंद करतो.

प्रत्येक प्रश्नाला १, ३ आणि ५ गुणांचं उत्तर कसं असेल ते आधीच एका वाक्यात लिहून ठेवा. चांगलं बोलणारा उमेदवार समोर आला की हाच कागद तुम्हाला सावरतो. मशिन शॉपमध्ये फसवणारी मुख्य गोष्ट म्हणजे बोलण्यातली सफाई. अबोल मुलं इथं हकनाक मागं पडतात.

शेवटी सगळ्याची बेरीज करून यादी लावू नका. प्रामाणिक अंदाज आणि लक्ष या दोन्हींत ५ पैकी किमान ३ नसतील तर बाकी कितीही असले तरी नाही म्हणा. त्यानंतर शिकण्याच्या वेगावर क्रम लावा.

कायद्याचं थोडं

मशिनवर १८ पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही घेऊ नका, वयाचा दाखला बघा. परीक्षेत केलेलं काम विकायच्या मालात मिसळू नका. एक दिवस ‘ट्रायल’ म्हणून काम करून घेतलं तर त्या दिवसाचे पैसे द्या. शिकाऊ उमेदवार म्हणून रीतसर घ्यायचं असेल तर १९६१ चा अप्रेंटिसेस कायदा लागतो: ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. नोंदणी ऑनलाइन होते. करार न करता ‘शिकाऊ’ म्हणून कमी पगारात राबवून घेणं हा सरळ अन्याय आहे, आणि तपासणीत तो टिकतही नाही.

पायरी ५: पहिले ९० दिवस

निवडलेली माणसं वाया जातात ती इथं, आणि दोन उलट्या कारणांनी. एक, सहा महिने नुसती बर काढायला बसवलं जातं. ज्याचा शिकण्याचा वेग पाहून घेतलं, त्याला शिकायलाच मिळत नाही, आणि तो जातो. दोन, ऑपरेटर आला नाही म्हणून तिसऱ्याच दिवशी मशिनवर उभं केलं जातं. मग टरेट (हत्यारं धरणारा फिरता भाग) चकवर आदळतं आणि दुरुस्तीचं बिल हजारांत राहत नाही.

पहिला आठवडा मोजमाप, सफाई, जॉब लावणं-काढणं, आणीबाणीचं बटण कुठं आहे आणि चकची चावी कधीच चकमध्ये का ठेवायची नाही. दुसरा-तिसरा आठवडा फर्स्ट पीस आणि दर तासाची तपासणी, नोंद त्याच्याच हातानं. चौथ्यापासून आठव्यापर्यंत ऑफसेट. इथं घाई नको, कारण बरेच अपघात स्क्रीनच्या याच पानावरून होतात. बाहेरचा व्यास ३०.०० हवा आणि ३०.०४ येतोय, तर वेअरमध्ये (हत्याराच्या झिजेच्या रकान्यात) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०४ द्यायचं. फॅनुक कंट्रोलवर (फॅनुक कंपनीच्या, मशिन चालवणाऱ्या संगणकावर) ‘प्लस इनपुट’ दाबलं की ते आधीच्या आकड्यात मिळतं, नुसतं ‘इनपुट’ दाबलं की आधीचा आकडा पुसून नवा बसतो. आधी तिथं उणे ०.१२ असेल आणि चुकून नुसतं ‘इनपुट’ दाबलं, तर पुढचा जॉब मोठा येतो. चिन्ह चुकलं तर उलट दिशेला जातो. पॉइंट (दशांश चिन्ह) द्यायला विसरलं तर बऱ्याच मशिनांवर प्रोग्रॅममधले १० म्हणजे १० मिमी नव्हे, ०.०१० मिमी धरले जातात. म्हणून पहिले १५ दिवस प्रत्येक बदल आधी वहीत: जुना आकडा, बदल, नवा आकडा, सेटरची सही, मगच कीबोर्डला हात. नवव्या ते बाराव्या आठवड्यात इन्सर्ट आणि टूल बदलणं, आणि सेटर शेजारी असताना एक साधं सेटिंग पूर्ण.

सेटरला रोज एक तास यासाठी मोकळा द्या आणि त्या तासाचं उत्पादन त्याच्या नावावर मागू नका. नवीन मुलगा शिकला की आपली किंमत कमी होईल, ही भीती जुन्या सेटरला असतेच, आणि ती रास्त आहे. शिकाऊ ९० दिवसांची परीक्षा पास झाला की सेटरलाही ठरलेली रक्कम मिळेल, हे आधी लेखी सांगा. चार शिकाऊंमागे किमान एक मुरलेला सेटर हवाच. सगळे कोरे भरले तर शिकवणार कोण?

तिसाव्या दिवशी एकदा बसून बघा: नोंदी खऱ्या आहेत का, एकच चूक परत परत होते का, स्वतःहून मशिन किती वेळा थांबवलं. मशिन एकदाही न थांबवलेल्या शिकाऊकडे आधी जा. एक तर तो फारच चांगला आहे किंवा लपवतोय, आणि बिनमधले दहा पीस मोजले की दोन मिनिटांत कळतं कोणतं. जमत नसेल तर स्पष्ट सांगा आणि लवकर सांगा. त्याच्या आयुष्याचे दोन महिने त्यालाही हवे असतात.

कुठं ही पद्धत वापरायची नाही

बॉयलर अटेंडंट, वायरमन, फोर्कलिफ्ट आणि क्रेन चालवणारा, इथं प्रमाणपत्र आणि सराव आधी, कसब नंतर. नव्या गिऱ्हाइकाचा अवघड जॉब पहिल्यांदा बसवायलाही अनुभवी सेटरच लागतो. तिथं पैसे वाचवू नका.

परीक्षेचं सामान

पिना तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. गंजलेल्या पिनेचं वहीतलं माप खोटं ठरतं, म्हणून प्रत्येक भरतीआधी मायक्रोमीटरनं परत मोजून तारखेसह नोंद करा. एकदा परीक्षा झाली की उमेदवार बाहेर जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतातच की भोक सरकलेला एक पीस असतो. म्हणून न सांगितलेला दोष दर वेळी बदला: कधी चुकीच्या पिचचा थ्रेड, कधी एक मिमी कमी लांबी, कधी दुसऱ्याच जॉबचा पीस. साबणाचं ड्रॉइंगही आलटून-पालटून तीन ठेवा. आणि उत्तरपत्रिका फेकू नका. वर्षानं त्या काढून, जे टिकले आणि जे सेटर झाले त्यांचे गुण कुठल्या चाचणीत जास्त होते ते ताडून बघा. जी चाचणी काहीच सांगत नाही ती काढून टाका आणि तेवढी मिनिटं दुसरीला द्या.